घरचा बाउन्सी किल्ला पुन्हा पुन्हा ढिला पडत असेल, तर

आमच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला तिची आत्या न्यू जर्सीहून आली, तेव्हा तिने सामानातून एक लहान बाउन्सी किल्ला आणला होता. जत्रेत किंवा मंगल कार्यालयाबाहेर ज्याला सगळे ‘मिकी माऊस’ म्हणतात, त्याचाच हा घरगुती आणि आटोपशीर प्रकार. नाशिकमधल्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात तो उभा राहिला, मुले आनंदाने आत शिरली आणि साधारण पंचवीस मिनिटांनी ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा विजेचा पंखा, एकाएकी थांबून किल्ला मुलांसकट खाली बसला. काही वेळाने ब्लोअर पुन्हा चालू झाला आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने थांबला. पुढचे चार रविवार हेच घडत राहिले. त्या काळात मी शिवणी तपासल्या, ठिगळे लावली, कपॅसिटर बदलून घेतला, आणि अखेरीस कारण निघाले ते कापडात नव्हतेच. असा किल्ला ज्यांच्या घरी आहे किंवा येणार आहे, त्यांचे हे चार रविवार वाचावेत, म्हणून तपासाचा सगळा क्रम येथे लिहीत आहे.

दोष शोधण्याच्या आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. किल्ला ढिला पडू लागला आहे असे लक्षात येताच सर्व मुलांना बाहेर काढायचे, आणि ती सगळी बाहेर आल्याची मोजून खात्री झाल्याशिवाय कोणीही ब्लोअरकडे किंवा बोर्डाकडे धावायचे नाही. लहान किल्ल्याच्या भिंती मिनिटभरात झुकतात, आणि वर छत किंवा जाळी असेल तर ते सगळे कापड मुलांच्या अंगावर येते. मोठी मुले रांगत बाहेर पडतात, परंतु तीन-चार वर्षांचे मूल घाबरून आतल्या कोपऱ्याकडे सरकते. म्हणून किल्ला सुरू असेपर्यंत एक मोठे माणूस दाराशी उभे असले पाहिजे, हातात मोबाइल न घेता. आमच्याकडे पहिल्या वेळी मी दहा पावलांवर खुर्चीत बसलो होतो, आणि ती दहा पावले मला फार लांब वाटली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. किल्ला ढिला पडला की आपल्या मनात प्रथम येते ते भोक, कारण सायकलची ट्यूब, पोहण्याचे टायर आणि फुगा यांच्या अनुभवातून आपण तसेच शिकलेलो असतो. परंतु ब्लोअरवर चालणारा किल्ला हवाबंद नसतोच. त्याच्या शिवणींतून हवा सतत बाहेर पडत असते आणि ब्लोअर ती सतत भरून काढत असतो. या दोहोंचा तोल साधला की किल्ला ताठ राहतो. म्हणून शिवणीवर साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे आले, तर तो दोष नव्हे. मी पहिल्या रविवारी बुडबुडे पाहून सहा ठिकाणी चिकटपट्टी लावली, तिचा काहीही उपयोग झाला नाही, आणि नंतर ती काढताना कापडावरचा लेप मात्र निघाला. ज्यांच्यात एकदा हवा भरून तोंड बंद करतात, ती जाड प्लॅस्टिकची लहान खेळणी वेगळी. त्यांच्यात भोक शोधणे योग्यच आहे, आणि या लेखाचा त्यांच्याशी संबंध नाही.

तोल बिघडला आहे की नाही, हे डोळ्यांनी किंवा तळहाताने दाबून नीट कळत नाही. त्यासाठी गवंडी लेव्हल पाहायला वापरतात त्या पारदर्शक नळीचा दीड मीटरचा तुकडा पुरतो. तो एका फळीवर इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात बांधावा, अर्ध्यापर्यंत पाणी भरावे, एक टोक मोकळे ठेवावे आणि दुसरे टोक, ब्लोअरपासून शक्य तेवढ्या लांब, हवा सोडण्याची झिप बोटभर उघडून आत सारावे व भोवतीचे कापड हाताने दाबून धरावे. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडेल, तो आतला दाब. भाड्याने देण्याच्या मोठ्या किल्ल्यांसाठी ब्रिटनमध्ये किमान १ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर पाणी, एवढा दाब मागितला जातो. घरगुती लहान किल्ला त्याहून थोडा कमी दाबावरही चालतो, त्यामुळे नेमका आकडा महत्त्वाचा नाही. किल्ला नवा आणि चांगला असतानाचा आकडा आणि आजचा आकडा यांतला फरक महत्त्वाचा. माझ्या किल्ल्यात पहिल्या मापात ५५ मिलिमीटर भरले आणि मुले आत गेल्यावर ते आणखी घसरले.

यानंतर पाहावे ते ढिलेपणाचे वेळापत्रक, कारण किल्ला केव्हा ढिला पडतो यावरून निम्मे निदान होते.

किल्ला पहिल्यापासून ताठच होत नसेल, तर दोष बहुधा ब्लोअर आणि किल्ला यांच्यामधल्या कापडी नळीत असतो. ती पिळली गेलेली असते, ब्लोअर फार जवळ ठेवल्याने तिच्यात घडी पडलेली असते, किंवा तिचा पट्टा ब्लोअरच्या तोंडावर घट्ट बसलेला नसतो. नळी सरळ ताणून ब्लोअर किल्ल्याच्या भिंतीपासून किमान १.२ मीटर दूर ठेवावा, म्हणजे मुलांपासूनही तो दूर राहतो. काही किल्ल्यांना दुसरी, वापरात नसलेली नळी असते. ती बांधायची राहिली तर सगळी मेहनत तिच्यातून निघून जाते. हवा सोडण्याची झिप पूर्ण बंद आहे का आणि तिच्यावरचे वेल्क्रोचे झाकण बसले आहे का, हेही पाहावे. आमच्या अंगणात कडुनिंब आहे, आणि ब्लोअरच्या जाळीवर त्याची वाळलेली पाने बसून हवा अर्धी झाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

किल्ला रिकामा असताना ताठ आणि मुले शिरताच मऊ पडत असेल, तर आधी मुलांचे एकत्र वजन मोजावे. किल्ल्याच्या पट्टीवर किती मुले आणि एकूण किती किलो हे लिहिलेले असते, आणि वाढदिवसाला ते हमखास ओलांडले जाते. हा केवळ हवेचा प्रश्न नाही. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अशा खेळण्यांवर जखमी होऊन ६४ हजारांहून अधिक मुलांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले, आणि २०१० या एका वर्षात हे प्रमाण दिवसाला सरासरी ३१ मुले इतके होते. मऊ पडलेल्या तळावर मुले एकमेकांकडे घरंगळतात आणि आठ वर्षांच्या मुलाचा गुडघा तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडावर बसतो. आम्ही आता साधारण एकाच वयाची तीन मुले एका वेळी पाठवतो आणि दहा मिनिटांनी पाळी बदलतो. चष्मा, बूट, क्लिपा आणि खाऊ दाराबाहेर ठेवतो. आपणही आत जाऊन दोन उड्या मारू, हा मोठ्यांचा मोह तर पूर्णपणे टाळलाच पाहिजे.

दुपारी ठीक आणि संध्याकाळी ढिला, असे होत असेल तर विजेकडे पाहावे. या ब्लोअरमध्ये साधारणपणे वापरतात त्या प्रकारच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडे एसी आणि कूलर सुरू झाले आणि २३० व्होल्टचे १९० झाले, तर व्होल्टेज सतरा-अठरा टक्क्यांनी घटते, पण मोटरचा जोर जवळजवळ एकतृतीयांशाने जातो. त्यात आपण बारीक तारेचा लांब एक्स्टेन्शन लावला, तर सुरू होतानाच्या मोठ्या प्रवाहाने आणखी घट होते. तारेचे वेटोळे तसेच ठेवून तिच्यावरून ब्लोअर चालवला, तर वेटोळे तापते. तार नेहमी पूर्ण उलगडावी. ब्लोअर नुसता गुणगुणत असेल आणि फिरायला वेळ घेत असेल, तर छताच्या पंख्याप्रमाणे याचाही कपॅसिटर उतरलेला असू शकतो, आणि तो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेणे हे थोड्या पैशांचे काम आहे. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ब्लोअर चालवून पाहू नये. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटर घरघरते आणि तापते.

आमचा दोष मात्र यांपैकी कशातच बसत नव्हता. ठरावीक वेळ चालून बंद पडणे, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे, हे मोटर प्रमाणाबाहेर तापत असल्याचे लक्षण आहे. तिच्यात बसवलेला थर्मल कट-आउट तिला जळण्यापासून वाचवत असतो. कपॅसिटर बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनने ब्लोअर उलटा करून त्याची पट्टी वाचली. तिच्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले होते, आणि आम्ही तो ट्रान्सफॉर्मर लावून चालवत होतो. “साहेब, ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट कमी केलेत, पण हर्ट्झ कोण कमी-जास्त करणार?” असे तो म्हणाला, आणि सगळा प्रश्न त्या एका वाक्यात उलगडला.

अमेरिकेची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. बाजारात मिळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज निम्मे करून देतो, परंतु वारंवारिता, म्हणजे विजेची लहर सेकंदाला किती वेळा येते तो हर्ट्झचा आकडा, बदलणे त्याच्या हातात नाही. ६० हर्ट्झवर मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या जवळपास फिरणारी मोटर ५० हर्ट्झवर ३००० च्या जवळपास फिरते, म्हणजे वेग एकषष्ठांशाने घटतो. पंख्याने निर्माण होणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाच षष्ठांशांचा वर्ग केला की ०.६९ येतात, म्हणजे दाब ३१ टक्क्यांनी पडतो. शिवण अखंड असूनही किल्ला कायम मऊ का, याचे उत्तर येथे मिळाले. दुसरी गोष्ट तापण्याची. मोटरच्या लोखंडातले चुंबकत्व व्होल्टेजला वारंवारितेने भागल्यावर येणाऱ्या प्रमाणात वाढते. अमेरिकेत ते १२० भागिले ६०, म्हणजे २ होते. आमच्याकडे रात्री ट्रान्सफॉर्मरनंतर ११५ व्होल्ट येत होते, म्हणजे ११५ भागिले ५०, म्हणजे २.३. पंधरा टक्के जास्त चुंबकत्वाने मोटर जादा प्रवाह ओढते व तापते, आणि वेग कमी झाल्याने तिला थंड करणारी हवाही कमी मिळते. पंचवीस मिनिटांचे कोडे असे सुटले.

ही अडचण एकट्या आमची नसणार, कारण मुलांसाठी परदेशातून खेळणी पाठवणारे नातेवाईक आता बऱ्याच मराठी घरांत आहेत. अमेरिका आणि कॅनडा येथून आलेला ब्लोअर आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर लावूनही नीट चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई येथील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिथल्या ब्लोअरला फक्त पिन बदलावी लागते. सौदी अरेबियात मात्र फसगत होण्याचा संभव आहे, कारण तिथे आता व्होल्टेज आपल्यासारखेच २३० असते, पण वारंवारिता ६० हर्ट्झ. म्हणून पिन आणि व्होल्ट पाहून समाधान मानू नये. पट्टीवरचे हर्ट्झ वाचावेत.

उपाय सोपा निघाला. किल्ला तोच ठेवून ब्लोअर इथला, २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा घेतला. तो घेताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात: तोंडाचा व्यास, आणि जुन्या ब्लोअरची ताकद. दुकानदार मोठा ब्लोअर सुचवतात, कारण भाड्याच्या मोठ्या किल्ल्यांना एक ते दीड हॉर्सपॉवरचे ब्लोअर लागतात. घरगुती किल्ल्याचे पातळ कापड आणि त्याची शिवण तो दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसते. तळाच्या आतल्या उभ्या पट्ट्या तुटतात आणि तळाला पोट येते, आणि तो दोष घरी दुरुस्त होत नाही. नव्या ब्लोअरवर आमच्या नळीत ८५ मिलिमीटर भरले आणि तो दोन तास अखंड चालला.

खरोखरच कापड फाटलेले असेल, तर ते ओळखू येते. जिथे बोट आत जाते किंवा हवेची धार गालाला जाणवते, तो दोष. आपल्याकडे याचे सर्वांत मोठे कारण उंदीर आहेत. घडी करून माळ्यावर ठेवलेल्या किल्ल्यात खाऊचे कण राहिले, तर पावसाळ्यानंतर तो उघडताना एकाच रेषेत पाच-सहा भोके सापडतात, कारण उंदराने घड्या आरपार कुरतडलेल्या असतात. शिवण उसवली असेल, तर ताडपत्री आणि प्रवासी बॅगा शिवणाऱ्याकडे जावे, कारण त्याच्याकडे जाड कापडाचे मशीन असते. त्याला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा वापरायला आणि दुहेरी टीप घालायला सांगावे. सुती दोरा ओलीने कुजतो. किल्ला ओला असताना कधीही घडी करू नये. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत आतल्या बाजूचे पाणी आठवडाभरात बुरशी आणते. म्हणून शेवटी किल्ला रिकामा ठेवून ब्लोअर अर्धा-पाऊण तास तसाच चालू द्यावा, मग घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवावी.

ढिला किल्ला आणि वारा यांचा संबंध फारसा कोणी लक्षात घेत नाही. किल्ला ताठ असताना ओढून बांधलेले दोर, तो मऊ पडताच सैल होतात. मग वाऱ्याच्या झोताने कापड आधी फडफडते आणि नंतर एका झटक्यात मेखेवर सगळा ताण येतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते, म्हणून ठोकलेली मेख प्रत्येक वेळी हाताने हलवून पाहावी लागते. युरोपातील मानकाप्रमाणे सार्वजनिक किल्ल्याच्या प्रत्येक बांधणीने १६०० न्यूटन, म्हणजे सुमारे १६३ किलो वजनाइतका ओढा सोसावा लागतो आणि वारा ताशी ३८ किलोमीटरपेक्षा जास्त असताना तो वापरता येत नाही. घरगुती किल्ल्यांच्या पुस्तिकेत वाऱ्याची मर्यादा दिलेली असते, ती याहून कमी असेल तर तीच पाळावी. संचासोबत येणाऱ्या चिमुकल्या वाळूच्या पिशव्या पाहिल्या की १६३ किलोचा आकडा मनात आणावा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथे एका शाळेच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात वाऱ्याने किल्ला उचलला गेला आणि ६ मुले दगावली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांतला वळीव असाच अचानक येतो: दुपारी पान हलत नाही, आणि चारनंतर दहा मिनिटांत धुळीचे लोट उठतात. झाडाच्या लहान फांद्या हलू लागल्या की आम्ही मुलांना बाहेर घेतो, आणि मग ब्लोअर बंद करतो. गच्चीवर तर किल्ला मांडूच नये. तिथे मेख ठोकता येत नाही, वारा अधिक असतो आणि पॅरापेटपलीकडे काय आहे हे सांगायला नको.

विजेच्या बाबतीत, ब्लोअरची जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) आलेल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरूनच असावी आणि वापरापूर्वी आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पाहावे. अनवाणी मुले, ओले गवत आणि धातूच्या जाळीची मोटर एकत्र आहेत, हे विसरू नये. परदेशी पिनसाठी जे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, त्यांत अर्थिंगची तार पुढे जातच नाही, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा दोष घरातल्या आरसीसीबीला कळेलच असे नाही. आमचा जुना ब्लोअर आम्ही याच कारणासाठी कोणाला दिलाही नाही. कट-आउटने बंद पडलेला ब्लोअर आपोआप सुरू होतो, म्हणून तो थांबला की आधी मुले बाहेर, मग प्लग बाहेर, हा क्रम ठेवावा.

नवा किल्ला घेणाऱ्यांनी त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी भारतात ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, आणि घसरगुंडी, झोपाळा यांसारख्या घरगुती खेळण्यांसाठी आयएस ९८७३ या भारतीय मानकाचा चौथा भाग आहे. ब्लोअर सुटा मिळतो का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. मेखा, दोर आणि दुरुस्तीचे कापड संचात आहे का, आणि उड्या मारण्याच्या तळाची शिवण दुहेरी आहे का, हे उघडून पाहावे. चित्रात सहा मुले खेळताना दिसली तरी पट्टीवरचे किलो वाचावेत.

आमच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर उभा राहायला लागणारा वेळ दोन मिनिटे, नळीतला फरक ८५ मिलिमीटर, मुले तीन, मेखा सहा, एवढेच लिहिले आहे. दर वेळी किल्ला उभारल्यावर मुलगी तो कागद वाचून दाखवते आणि मी नळीकडे पाहतो.